पर्सनाना

लिलाव असला की नाना उपाशी राहतात. सामने सुरू झाले की पोटभर जेवून झोपतात. प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली, तेव्हापासून त्यांनी एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही आणि एकही लिलाव चुकवलेला नाही. अमक्या रेडरने किती गुण आणले हे त्यांना विचारू नका. त्याच्यावर बोली लागली तेव्हा कोणत्या संघाच्या पर्समध्ये किती लाख उरले होते, ते विचारा. म्हणून घोटीत त्यांना पर्सनाना म्हणतात.

पोटासाठी नाना एका भात-व्यापाऱ्याच्या काट्यावर बसतात. इंद्रायणीची गाडी आली की ते आधी दाणा बघत नाहीत, शेतकऱ्याचा चेहरा बघतात. याला आज पैसे घेऊनच घरी जायचंय, की हा माल परत नेऊ शकतो, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. भाव मालात नसतो, समोरच्याच्या घाईत असतो, हा त्यांचा सिद्धांत. काट्यावर उभा जन्म गेलेल्या माणसाला कोण खोडून काढणार? त्यातून चहाचे पैसे नाना देणार असतील तर मुळीच नाही.

"गुरुजी, त्या रेडर पवन सेहरावतचा भाव वाढलाच नाही बरं का," एकदा ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, 2022ला तमिळ थलैवाजने 2 कोटी 26 लाखांना घेतला. 2023ला तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजारांना. वाढला नाही कसा?"

"मधल्या मोसमात खेळला किती?"

पहिल्याच सामन्यात गुडघा गेला होता आणि तो सगळा मोसम बाहेर बसला होता, हे मला कबूल करावं लागलं.

"म्हणजे बसून साडेचौतीस लाख वाढले! दाणा तोच. मग वाढलं काय? पर्स! आधी एका संघाला 4 कोटी 40 लाख खर्चायची मुभा होती, ती झाली 5 कोटी." नानांनी बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. पहिल्या वर्षी शंभरातले एक्कावन्न, दुसऱ्या वर्षी बावन्न. "माणूस निम्म्याचा निम्म्यालाच. पोतं तेवढं मोठं झालं."

गणित बरोबर होतं, हीच पंचाईत. निम्मी पर्स एका माणसावर ओतून टायटन्स त्या मोसमात बावीसपैकी दोनच सामने जिंकले आणि तळाला गेले, असं मी म्हणून पाहिलं. नाना शांतपणे म्हणाले, "ते खेळातलं झालं. मला खेळातलं कळत नाही."

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली. मी त्यांना अमेरिकेतल्या बास्केटबॉलची गोष्ट सांगितली. तिथे एनबीएतही पगाराला मर्यादा असते, पण ती लीगच्या कमाईला बांधलेली. टीव्हीचे हक्क नऊ वर्षांसाठी 2400 कोटी डॉलरला गेले, आणि 2016च्या उन्हाळ्यात प्रत्येक संघाची मर्यादा 7 कोटी डॉलरवरून एकदम 9 कोटी 41 लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने देऊ, असं लीग म्हणत होती. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. झालं! सगळ्यांच्या हातात एकाच वेळी पैसा. आदल्या मोसमात 73 सामने जिंकलेल्या वॉरियर्सकडेही जागा झाली आणि केव्हिन ड्युरंटसारखा मोहरा त्यांच्याकडे गेला. आणि तिमोफे मोझगोव नावाचा एक उंचापुरा गडी, जो फायनलमध्ये बहुतेक वेळ बाकावर होता, त्याला लेकर्सनी चार वर्षांचे 6 कोटी 40 लाख डॉलर कबूल केले. वर्षभरात त्याला दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालताना एक चांगला तरुण खेळाडूही सोबत द्यावा लागला. आता नियमच केलाय, मर्यादा वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढायची नाही.

नानांचे डोळे लकाकले. "म्हणजे सगळ्यांची पर्स भरलेली असताना बाजारात उतरायचं नाही. थांबायचं. गड्यांची पर्स रिकामी झाली की मग जायचं."

"पण नाना, तिथे लिलाव नसतो," मी म्हणालो. "करार संपला की खेळाडू मोकळा. कुठे जायचं ते तो ठरवतो."

हे वाक्य नानांनी ऐकलं नाही. तेव्हा त्यांचं बिस्किट चहात पडलं होतं.

जुलै उजाडला. नानांचं दीड एकर खाचर आहे. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मोखाडा-जव्हारकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात, नाक्यावर उतरतात. पहिल्या सरीला काही लोक धावले, नाना गेले नाहीत. थांबले. पुढे पावसाने आठ दिवस दडी मारली. रोपं राबातच पिवळी पडायला लागली. आणि मग एका रात्री असा कोसळला की सगळ्यांची खाचरं एकदम भरली. सकाळी नाक्यावर अख्खा तालुका उभा. ज्याच्या त्याच्या खिशात रोकड आणि घरी रोप पिकत चाललेलं. माझ्या डोक्यात एकच आकडा आला, 2016.

नानांनी टोळीच्या बाईसमोर बोली सुरू केली, चालू रोजापेक्षा पन्नास रुपये खालून. बाई काही बोलली नाही. बायकापोरींना घेऊन समोरच्या पिकअपमध्ये जाऊन बसली.

"अगं, बोली चाललीय अजून!" नाना ओरडले.

"तुमची चालू असंल, नाना. आमची संपली. ह्यो दुपारला मटान देतोय."

नाना जागच्या जागी उभेच राहिले. इतक्या वर्षांत एकही खेळाडू लिलाव सोडून पिकअपमध्ये बसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

अकरा वाजेपर्यंत नाक्यावर उरले एक बाबा आणि त्याची म्हातारी. बाबाला वाकता येत नव्हतं, तो नुसत्या रोपाच्या जुड्या उचलून देणार. रोज मात्र पुरा, वर तंबाखू आणि परतीचं भाडं. नानांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही.

दुपारी मी छत्री घेऊन खाचरावर गेलो. म्हातारी सपासप लावत होती. नाना तिच्या शेजारी गुडघाभर चिखलात, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, लावलेलं रोप तिरपं. बाबा बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"गुरुजी," नाना वर न बघता म्हणाले, "त्या बाकावरच्या लंब्याचं नाव काय म्हणालात?"

"मोझगोव."

"हां." आणि ते बराच वेळ बांधाकडे बघत राहिले.

यंदा आवणीला बाबा पुन्हा नाक्यावर आला होता. नाना दिसताच त्याने स्वतःच हाक मारली, आभाळाकडे बोट केलं आणि विचारलं, "नाना, यंदा बी एकदमच यील का वो?"