आपणांस कार्यमुक्त करता येत नाही

पत्र आलं सोमवारी, दुपारच्या टपालात. त्यावर आवक क्रमांक पडला, 'अतितातडीचे' असा लाल शिक्का पडला आणि मगच ते साहेबांच्या टेबलावर गेलं. म्हणजे साहेबांनी वाचण्याआधी ते चौदा जणांनी वाचून झालं होतं. पुण्याला पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण, विषय 'नेतृत्व व संघभावना', आणि आमच्या कार्यालयाने पाठवायचं नाव फक्त एक. संघभावना शिकायला एकट्याने जायचं होतं.

पदोन्नतीच्या उंबरठ्यावर ताटकळत बसलेले असे आमच्या शाखेत दोघेच. एक मी आणि दुसरे शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब. मधल्या बदल्या वजा जाता अकरा वर्षं आम्ही एका पंख्याखाली बसतो, आमच्या कपाटाला किल्ली एक आहे आणि डबा उघडला की भाऊसाहेब न विचारता माझ्या पोळीवर लोणच्याची फोड ठेवतात. त्या सोमवारी फोड आली नाही. मी ओळखलं, यांनीही पत्र वाचलंय.

आम्हाला नेतृत्वाची ओढ लागली होती असं कुणी समजू नये. माझी मुलगी पुण्यात वसतिगृहात राहते आणि तिला घरचं तूप पोचवायचं होतं. भाऊसाहेबांचा मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, फोन उचलत नाही. तो नेमका कुणाबरोबर राहतो हे वहिनींना बघून हवं होतं. शिवाय सेवापुस्तकात एक नोंद होते. पदोन्नतीच्या वेळी त्या नोंदीला किती वजन असतं हे पदोन्नती मिळालेल्यांनाही सांगता येत नाही, पण दुसऱ्याच्या पुस्तकात आहे आणि आपल्यात नाही, हे बरं दिसत नाही.

पहिला आठवडा गुणवत्तेत गेला. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2020 रोजी 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं, आणि आता सरकारी माणसाला मोबाईलवर शिकता येतं. आयगॉट नावाच्या त्या व्यासपीठावर अभ्यासक्रम पुरा केला की प्रमाणपत्र मिळतं, वर 'कर्मा पॉइंट्स' मिळतात. फळाची आशा न धरता कर्म करा असं ज्या देशात हजारो वर्षं सांगितलं गेलं, तिथे कर्माचे गुण मोजायची सोय झाली आहे. भाऊसाहेबांनी मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ सुरू केला आणि स्वतः चहाला गेले. मोबाईल शिकत राहिला. चार दिवसांत त्याने सहा प्रमाणपत्रं मिळवली. मी रात्री जागून आठ मिळवली, म्हणजे माझ्या मुलाने मिळवली. तो बारावीत आहे. 'कार्यालयीन नैतिकता' या विषयात त्याला चांगली गती आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी पत्र नीट वाचलं आणि हबकलो. परिच्छेद दोनमध्ये लिहिलं होतं, नाव 'कार्यक्षम व कार्यतत्पर' कर्मचाऱ्याचं पाठवावं. परिच्छेद तीनमध्ये लिहिलं होतं, 'ज्यांना तात्काळ कार्यमुक्त करणे शक्य आहे' अशाचंच पाठवावं. म्हणजे माणूस असा हवा की तो फार कामाचा आहे, आणि नसला तरी काही अडत नाही. मी आठवडाभर साहेबांना पटवत होतो की माझ्यावाचून पेन्शनची प्रकरणं हलत नाहीत. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडत होतो!

मग डावपेच बदलले. मी साहेबांच्या दालनात जाऊन भाऊसाहेबांची मनापासून स्तुती केली. डिसेंबर तोंडावर आहे, नागपूरचं अधिवेशन आहे, रात्री दहाला तारांकित प्रश्न आला तर उत्तर कोण देणार? भाऊसाहेबच. परतून बघतो तर टेबलावर भाऊसाहेबांच्या टिपणीची प्रत. 'श्री. अण्णा यांचा या विषयातील दांडगा अनुभव पाहता, त्यांना कार्यमुक्त केल्यास सेवानिवृत्तांची गैरसोय होऊन शासनाची प्रतिमा मलिन होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब मान्यतेस्तव सादर.' अकरा वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं, गोपनीय अहवालातसुद्धा नाही. डोळ्यांत पाणी आलं. लगेच कागद ओढून मीही दोन पानी टिपणी लिहिली आणि भाऊसाहेबांना कार्यालयाचा कणा ठरवलं.

शिपाईमामा म्हणाले, "तुम्हा दोघांचं पुन्हा जमलं वाटतं." घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "इथे तुम्ही पाच दिवस नसलात तर काही अडत नाही. तिथे काय अडतं?"

कचेरीतल्या अशा चढाओढीतला जाणकार माणूस म्हणजे पार्किन्सन. मूळचा आरमाराच्या इतिहासाचा अभ्यासक. 1955 साली त्याने 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं की काम जास्त झालेला अधिकारी ते बरोबरीच्या सहकाऱ्याशी वाटून घेत नाही, कारण वरची जागा रिकामी होईल तेव्हा तोच प्रतिस्पर्धी होऊन उभा राहतो. त्यापेक्षा तो हाताखाली दोन माणसं मागतो. गोऱ्या साहेबाची कचेरी त्याने बरोबर ओळखली. आमच्याकडे हाताखालची माणसं मागितली तर वित्त विभाग पदभरतीवरच्या निर्बंधांची प्रत पाठवतो. म्हणून आम्हाला सहकाऱ्याची स्तुती करून भागवावं लागतं. खर्च काहीच नाही, आणि माणूस जागचा हलत नाही.

दोन्ही टिपण्या साहेबांसमोर एकाच दिवशी गेल्या. साहेब हुशार. त्यांनी दोघांचंही म्हणणं मान्य केलं. 'दोघेही अपरिहार्य. दोघांनाही कार्यमुक्त करता येत नाही,' असा शेरा मारला आणि बारनिशीतल्या काकांचं नाव पाठवलं.

काका 58 पुरे करून येत्या जूनअखेर निवृत्त होणार आहेत. ताणतणाव व्यवस्थापन, आपत्ती व्यवस्थापन, वेळेचं व्यवस्थापन, माहितीचा अधिकार, सगळ्याला तेच जाऊन आले. ते जागेवर नाहीत हे कळायला लोकांना तीन दिवस लागतात, एवढंच त्यांचं भांडवल. पण मी म्हणतो, परिच्छेद तीनच्या निकषावर त्यांच्याइतका खरा उतरणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

पाच दिवसांनी काका परतले. त्यांच्या हातात कापडी पिशवी, तिच्यात फोल्डर, पेन आणि बाकरवडीचे दोन पुडे. प्रशिक्षणाचं मोल कसं मोजावं हे डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 मध्ये चार पायऱ्यांत मांडून ठेवलं आहे. माणसाला ते आवडलं का, तो काही शिकला का, परत आल्यावर वेगळं वागतो का आणि त्यातून कार्यालयाचं भलं झालं का. काकांचा अभिप्राय पहिल्या पायरीवर भरभक्कम होता. मटकीची उसळ उत्तम, खोलीत गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. दुसऱ्या पायरीवर त्यांना गुडघ्यामुळे चढवेना.

पण पत्राच्या शेवटी अट होती, परतलेल्याने सहकाऱ्यांना तासभर शिकवावं. तेव्हा शुक्रवारी चारला सभागृहात सगळे जमलो. काकांनी वही उघडली आणि 'विश्वासाचा खेळ' जाहीर केला. एकाने डोळे मिटून, हात छातीशी बांधून मागे पडायचं आणि मागच्याने झेलायचं. "दोघे रोज शेजारी बसणारे या," असं म्हणत त्यांनी नेमकं आम्हाला पुढे काढलं.

मी पाठ करून उभा राहिलो. मागे भाऊसाहेब. सभागृह शांत. "पडा," काका म्हणाले. मी डावा डोळा किलकिला करून बघितलं. समोरच्या खिडकीच्या काचेत भाऊसाहेब दिसत होते. त्यांचे हात पुढे होते, पण नजर घड्याळाकडे. मी पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. मग भाऊसाहेबांची पाळी आली, तेव्हा त्यांना अचानक रक्तदाब आठवला. शेवटी काकांनी शिपाईमामांना मागे उभं केलं आणि स्वतः बिनधास्त पडले. मामांनी अलगद झेललं. ज्याच्यावर कुणाचाच डोळा नाही, त्याला पडायला भीती नसते.

प्रकरण इथे मिटलं असं मला वाटलं होतं. एप्रिलमध्ये बदल्यांचे अर्ज सुरू झाले. मी पुण्यासाठी अर्ज केला; मुलीचं शिक्षण, आईचं वय, सगळी कारणं खरी. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, कपाटातून एक नस्ती काढली, ध्वज लावलेलं पान उघडलं आणि चष्मा वर करून वाचलं, "सेवानिवृत्तांची गैरसोय होऊन शासनाची प्रतिमा मलिन..." मग म्हणाले, "अण्णा, हे आता अभिलेखात आहे."

मी बाहेर आलो तर दाराशी भाऊसाहेब उभे. हातात त्यांचाही अर्ज, तोही पुण्याचाच. त्यांना काही सांगावंसं वाटलं, पण माझ्या टिपणीची दोन पानं आत त्याच नस्तीत, लगेच पुढच्या पानावर लावलेली होती. मी बाजूला झालो आणि त्यांना आत जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. भाऊसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पोळीवर लोणच्याच्या दोन फोडी ठेवल्या.