मांडवातल्या जांभळ्या दिव्यास

दिल्लीतल्या छतरपूरच्या फार्महाऊसांत मिरवणाऱ्या एलईडी पार लाइटा,

तुझ्या नावाआधी मी ‘प्रिय’ लिहिणार नाही. डीजेपाशी हवा तेवढा थयथयाट कर, तिथे तुझं काम आहे. पण टेंटवाल्याने तुला मांडवाच्या खांबांपाशी ठेवलं आणि तू थेट नवरीच्या हातांवर चढलास. मंगलाष्टका चालू असताना तुला तिथे बोलावलं कुणी?

तुझा गुन्हा आधी नीट सांगतो. तू हिरवा चुडा काळा करतोस. तुझ्या जांभळ्या उजेडात निळा असतो, लाल असतो, हिरवा जवळजवळ नसतोच. जो रंग उजेडातच नाही, तो बांगडी परत कुठून पाठवणार? आईने हौसेने भरलेला चुडा अल्बमात काळाठिक्कर दिसतो, पिवळी अष्टपुत्री तांबडी पडते आणि हळदीच्या अंगाची कळा जाते. मग घरचे म्हणतात, रॉ फाइल आहे ना, कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त करा. काय दुरुस्त करायचं? हिरव्याच्या जागी नुसते खरखरीत दाणे उरलेले असतात. शेवटी फोटो कृष्णधवल करावा लागतो. ज्या मुलीने महिनाभर शालूचा रंग निवडला, तिच्यावर हा अन्याय आहे.

महागडी लेन्स घेतली की तू हरतोस, हा भ्रमही लोकांनी सोडावा. एफ/१.४ ची लेन्स एफ/२.८ च्या चौपट प्रकाश आत घेते, पण तो प्रकाश तुझाच असतो. जांभळा चौपट आला तरी जांभळाच. वर फोकस इतका निसटता होतो की वधू स्पष्ट आली तर मागची मामी धूसर. मांडवातल्या गर्दीला ३५ मिमी आणि चेहऱ्यांना ८५ मिमी ही जोडी चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

फ्लॅशने तुला हटवता येतं. पण फार्महाऊसवर डोक्यावर छत नसतं, उघडं आकाश. फ्लॅश वर उडवून मऊ उजेड खाली आणायची सोयच नाही. म्हणून मांडवाच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर सॉफ्टबॉक्स लावायचे, पिवळ्या बल्बांशी रंग जुळावा म्हणून त्यांवर नारिंगी जेल चढवायची. अक्षता हवेत गोठतात त्या फ्लॅशच्या क्षणभराच्या लखलखाटानेच. तरी सावलीच्या बाजूने गालावर तुझा डाग राहतोच. तुला पुरता बुडवायला फ्लॅश वाढवला, तर होमाची आच आणि समयांचा उजेडही फिका पडतो. आणि तुला मंद करण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. शटर जलद केला की नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर आडवे पट्टे उमटतात.

तुला हुकूम देणारे डेकोरेटर आणि पैसे मोजणारे यजमान यांनाही हे ऐकू जाऊ दे. बुकिंगच्या वेळीच सांगा: मांडवात फक्त उबदार पांढरे दिवे, सगळे एकाच रंगाचे, चेहऱ्यांच्या थोडे वर आणि बाजूने. खर्च वाढत नाही. पार लाइट तोच ठेवला तरी चालेल, फक्त त्यात उबदार पांढऱ्या चिपा असाव्यात आणि त्याच लावाव्यात.

गुरुजींनी अंतरपाट धरला की तो दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. तो पुन्हा करून दाखवा असं कुणालाच म्हणता येत नाही. त्याआधी तुझी वायर काढलेली असली पाहिजे. विदाईपर्यंत तू डीजेच्या ट्रकमध्ये पडून राहा.

लग्नांचे फोटो काढणारा एक मराठी माणूस, दिल्ली