मी काहीच केलं नाही

लिफ्ट नसलेल्या, चार मजली, पार्किंगवरून भांडणाऱ्या प्रत्येक सोसायटीत एक लॅपटॉपकाका असतात. साठी ओलांडलेली, टेलिफोन खात्यातून निवृत्ती, शर्टाच्या खिशात टेस्टर. प्लंबरचा नंबर ऐनवेळी कुणाकडे सापडत नाही. काकांचा सगळ्यांकडे असतो. आणि काका पैसे घेत नाहीत. त्याबदल्यात ते जे घेतात, ते पैशांपेक्षा महाग पडतं. ते जबानी घेतात.

लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्यांच्या दारात येतो. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काका, मी काहीच केलं नाही. आपोआप बंद पडला."

"बसा," काका म्हणतात. त्यांच्या हिशेबी मशीन नंतर बघता येतं. आधी माणूस उघडायचा.

तपासाचा क्रम खात्यातलाच : आधी लाइन, मग सेट. चार्जर याच लॅपटॉपचा की भाच्याचा? घरातलं ते सॉकेट चालू आहे की मिक्सर लावल्यावरच चालतं? मग जे जे खोचलेलं असेल ते उपटायचं. पेनड्राइव्ह तसाच राहिला, तर काही लॅपटॉप त्याच्यातूनच सुरू व्हायला बघतात आणि सुरू करण्याजोगं काही मिळालं नाही म्हणून काळ्या पडद्यावर अडून बसतात. पुतणीच्या डोहाळजेवणाच्या व्हिडिओतून विंडोज कुठून निघणार? त्यानंतर चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं. आत साचून राहिलेली वीज निघून जाते आणि कित्येक लॅपटॉप एवढ्यावरच उठून बसतात.

काकांना असे लॅपटॉप आवडत नाहीत. तीस सेकंदांत काय उलटतपासणी होणार!

खरा रंग चढतो तो त्यापुढच्या केसेसना. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच. अशा वेळी काका कॅप्सलॉक दाबून बघतात. त्याचा दिवा लागला-विझला, तर मशीन जिवंत आहे, दोष बहुधा पडद्याचा. मग घरातल्या टीव्हीची वायर जोडायची. काकूंची मालिका ऐन रंगात आलेली असते, आणि तिच्या जागी पाहुण्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न झळकतं. टीव्हीवरही काही आलं नाही, तर स्क्रूड्रायव्हर निघतो. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने हलकेच पुसले जातात, पट्टी पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवली जाते.

झाकण उघडलं, की पुरावे बोलू लागतात. पंख्याच्या जाळीत कापसाचा थर. "गादीवर ठेवून वापरता?" "नाही हो, टेबलावरच." "मग हा कापूस टेबलाचा?" खालची जाळी गादीने बुजली की उष्णता आतच कोंडते आणि प्रोसेसर जळू नये म्हणून मशीन स्वतःला बंद करतं, ते आपोआप झालं हे मालकाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. कीबोर्डाखाली चिकट तपकिरी डाग. "चहा?" "पाणी असेल." काका डाग हुंगतात. "वेलची घातलेलं पाणी?" मग कबुलीजबाब येतो : चहा सांडला, लॅपटॉप रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला, सकाळी चालू करून पाहिला. तांदूळ साखर शोषत नाही, दूधही नाही. ती सर्किटवर वाळून बसतात. तांदळाचे दोन दाणे मात्र चार्जिंगच्या भोकात सापडतात.

काका गंभीर होतात ते दोनच वेळा. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असते. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, थेट दुकान गाठायचं. आणि जुन्या हार्डडिस्कमधून टकटक ऐकू आली, की ते मशीन तत्क्षणी बंद करतात आणि विचारतात, "बॅकअप?" या प्रश्नावर मालक खिडकीबाहेर बघतो.

अशा या काकांवर १९ जुलै २०२४च्या शुक्रवारी वाईट प्रसंग आला. दुसऱ्या मजल्यावरची, घरून काम करणारी मुलगी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आली. निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. "काका, खरंच मी काहीच केलं नाही." काकांनी खुर्ची पुढे ओढली. गादी? नाही. चहा? ती चहा पीत नव्हती. अपडेट चालू असताना बंद केलास? नाही. तासभर प्रश्न झाले. मग टीव्हीवर बातमी आली : क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले लाखो विंडोज संगणक पडले होते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जात होते.

काकांचा चेहरा उतरला. एवढे लाखो लोक, आणि खरोखरच एकानेही काही केलं नव्हतं.

उपाय साधा होता : रिकव्हरीच्या पडद्यातून आत शिरून २९१ क्रमांकाची एक फाइल पुसायची. पण मशीन सुरूच होत नसल्याने हे दुरून करता येईना. एकेका लॅपटॉपपुढे बसून हाताने करावं लागत होतं. त्यात ऑफिसच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आणि त्याची किल्ली ४८ आकडी. ऑफिसचा माणूस फोनवर सहा-सहा आकडे सांगत होता, मुलगी मोठ्याने म्हणत होती, काका टाइप करत होते. किल्ली लागली, फाइल गेली, विंडोज आलं. मुलीने आनंदाने लॅपटॉप उचलला.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी लॅपटॉप उलटा करून वर्तमानपत्रावर झटकला, खाली पडलेलं पिवळसर काहीतरी बोटाने उचललं आणि चष्म्याजवळ नेलं. "ही भाकरवडी तरी कोणी खाल्ली?"