क्रियापदाची तीन रूपे आणि सुट्टीतले काका

इंग्रजीत भूतकाळ करण्याचा राजमार्ग म्हणजे क्रियापदाला 'ईडी' लावणे. सुमारे 200 क्रियापदे मात्र या वाटेला जात नाहीत, आणि नेमकी तीच रोज लागतात: जाणे, येणे, खाणे, पिणे, देणे, घेणे. कमी वापरातली बरीचशी काळाच्या ओघात वठणीवर आली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. सदा तोंडात असणारी तेवढी हट्टी राहिली.

पाठांतर एका दमात, अंग झुलवत करावे. 'सिंग-सँग-संग', 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' यांना चालच असल्याने ती चटकन बसतात. 'कट', 'पुट', 'हिट' तिन्ही रूपांत बदलत नाहीत. देव त्यांचे भले करो. 'रीड' तिन्ही वेळा सारखेच लिहावे, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी 'रेड' वाचावे. का, ते विचारू नये.

'गो'चे 'वेंट' हे मुळात 'वेंड' या निराळ्याच क्रियापदाचे रूप. 'गो'च्या घरी दत्तक आले आणि तिथलेच झाले. यावर हसण्याआधी मराठी माणसाने आपले घर पाहावे. 'जा' संस्कृत 'या' धातूतून आला, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. शिवाय कर-केला, मर-मेला आहेतच.

तिसरे रूप क्रियापद म्हणून एकटे घराबाहेर पडत नाही. सोबत 'हॅव' नाहीतर 'वॉज' लागतो. 'आय सीन' हे वाक्य नव्हे. उलट 'डिड' आला की भूतकाळाचा भार त्याने उचललेला असतो, मागचे क्रियापद पहिल्याच रूपात ठेवावे. 'आय डिड नॉट वेंट' म्हणजे एका पिशवीसाठी दोन हमाल. हे वाक्य फोनवर सर्वाधिक वेळा उच्चारणारे गृहस्थ म्हणजे सुट्टीत मुक्कामाला येणारे काका. जेवताना भाच्या-पुतण्यांना तीन रूपे विचारणारेही तेच. मुलाच्या तोंडात घास असतानाच त्यांना 'स्विम' आठवते. निदान आमरसाच्या दिवशी तरी व्याकरण बंद ठेवावे! पण 'स्विम-स्वॅम-स्वम' बरोबर आले, की स्वतःच्या वाटीतला रस मुलाच्या वाटीत ओततातही तेच.

'हँग'चा भूतकाळ चित्राला 'हंग', फाशी दिलेल्या माणसाला 'हँग्ड'.

सर्वात अवघड 'लाय'. आडवे होणे: लाय-ले-लेन. खोटे बोलणे: लाय-लाइड-लाइड. ठेवणे किंवा अंडे घालणे: ले-लेड-लेड. म्हणजे काल माणूस पलंगावर 'ले' झाला आणि आज कोंबडी अंडे 'ले' करते, शब्द तोच. परीक्षेत हे दोन-तीनदा वाचून लिहावे. काकांनी विचारले तर 'कोणते लाय?' असा उलट प्रश्न करावा. त्यानंतर ते एकोणतिसाचा पाढा विचारतात.