अहो-जाहोची मोटारसायकल

बायकर मंडळींच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक नाना असतात. कुठे त्यांना बापू म्हणतात, कुठे काका. पण माणूस तोच. वय साठीच्या पुढे, अंगात भर मे महिन्यात जाड जॅकेट आणि उजव्या मांडीत एक स्टीलचा रॉड. रॉडबद्दल विचारलं की उत्तर एवढंच : "शहाऐंशी सालचा आहे."

आमचे नाना सदाशिव पेठेतले. पेठेत राहून हेल्मेट घालणं म्हणजे फितुरीच. हेल्मेटसक्तीच्या विरोधात वाड्यात सह्या गोळा करायला लोक आले, तेव्हा नानांनी सही केली, पण हेल्मेट घालून. म्हणाले, "सक्ती नको, हे मला मान्य आहे. मला ती लागत नाही."

नानांची खरी ओळख मात्र व्याकरणातली आहे. बायकोला ते 'अगं' म्हणतात, स्कूटरला 'ती', सोसायटीच्या चेअरमनला मनातल्या मनात 'तो'. पण खाली कव्हर घालून ठेवलेल्या हजार सीसीच्या मोटारसायकलला ते अहो-जाहो करतात. "आज त्या बाहेर पडायच्या नाहीत, पाऊस झालाय," असं म्हणाले की नव्या पाहुण्याला वाटतं, घरात सासूबाई मुक्कामाला आहेत.

त्यांचं शिक्षण झालं राजदूत ३५० वर. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० 'राजदूत' या नावाने भारतात आणली. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, सहा गिअर आणि तीस घोडे. बाकीच्या फटफट्या धापा टाकत चढ चढायच्या, त्या काळात हे म्हणजे गल्लीत विमान. पण परदेशातल्या आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. "पळायची अक्कल जपानची आणि थांबायची आपली," नाना सांगतात. आरडीचा अर्थ लोकांनी 'रॅपिड डेथ' असा लावला, तो उगीच नाही.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी पुढच्या सहा वर्षांचा पगार बँकेकडे गहाण टाकून अशीच एक हजार सीसीची घेतली. नारळ फुटला, लिंबं चिरडली आणि मी त्याला आशीर्वादासाठी नानांकडे नेलं.

"किती घोडे?"

"दोनशे, नाना."

"वजन?"

"दोनशेच्या जरा वर."

"म्हणजे किलोमागे एक घोडा. लहानपणी माथेरानला घोड्यावर बसला होतास ना?"

"हो. त्याने मला झुडपात नेऊन टाकलं."

"तो एकच होता," नाना म्हणाले आणि चहा प्यायले.

भाचा हार मानणारा नव्हता. "पण नाना, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, रेन मोड आहे, एबीएस आहे."

"एबीएस चाक अडकू देत नाही. म्हैस आडवी येऊ नये, याची सोय त्यात नाही. ताशी शंभरला तू सेकंदाला २८ मीटर जातोस. म्हणजे 'अरे बापरे' म्हणून होईपर्यंत २८ मीटर संपले, ब्रेक त्यानंतर. आणि वेग दुप्पट केलास, की ब्रेक दाबल्यावर थांबायला जागा चौपट लागते. ती तू कुठून आणणार? सिंहगड रोडवरून?"

भाच्याने मग हुकमाचं पान काढलं : 'धूम'मधली हायाबुसा. २००४ साली जॉन अब्राहम तिच्यावर बसला आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या पोरांच्या वह्यांच्या मागच्या पानावर ती पळू लागली.

"हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा," नाना म्हणाले. "१९९९ साली ती आली, तीनशेच्या वर पळाली आणि लवकरच मोठ्या कंपन्यांनी आपसात समजुतीने २९९ वर लगाम घातला. बनवणारे घाबरले. चालवणाऱ्याने न घाबरायला काय झालं?"

पुढच्या रविवारी पसरणी घाट ठरला. भाच्याने टाकीवर थाप मारली, "चल, राणी!" आणि कात्रजच्या दिशेने दिसेनासा झाला. नानांनी मात्र पंचवीस मिनिटं चेन, टायरची हवा, ब्रेक असं सगळं पाहिलं, मगच निघाले. तेही पहिले दहा किलोमीटर वरातीच्या चालीने. "रबर गार आहे. त्यांची रस्त्याशी अजून ओळख व्हायची आहे."

वाईच्या पुढे एका दूधवाल्याने कॅन खडखडवत नानांना मागे टाकलं. पोरं फिदीफिदी हसली. नाना शांत. "त्याला दूध पोचवायचंय, मला नाना पोचवायचाय."

घाटाच्या पायथ्याशी त्यांनी एकच धडा दिला : "वळणात जिथे जायचंय तिथेच बघायचं. दरीकडे बघितलंत, की दरीत. या फार आज्ञाधारक असतात, तेवढंच भय." मग ते वळणं घेऊ लागले आणि पोरांचं हसणं थांबलं. कुठे हिसका नाही, कुठे ब्रेकचा झटका नाही. साजूक तुपाची धार पडावी तशी ती गाडी वर चढत गेली.

भाचाही धडधाकट वर पोचला. पडला तो पाचगणीला, पार्किंगमध्ये, उभ्या उभ्या. समोरच्या टेबलावरच्या मुली बघतायत का, हे पाहताना पाय बारीक खडीवर टेकला आणि दोनशे किलो सावकाश, सन्मानपूर्वक आडवे झाले. उचलायला आम्ही चौघं लागलो. मुलींनी तेव्हा बघितलं.

कोणी त्याला बोललं नाही. नानाच मिसळीचा पाव मोडत म्हणाले, "शहाऐंशीत मी ताशी तिसाने चाललो होतो. एका बाल्कनीकडे बघत होतो. गाडी तिकडेच निघाली. मधे दगडी कट्टा होता."

"आणि बाल्कनीतली?"

"दोन महिने हॉस्पिटलात डबा त्याच घरातून यायचा. आता कायमचा येतो." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "तेव्हापासून यांच्यावर बसलो, की मी दुसऱ्या कोणाकडे बघत नाही. हीसुद्धा त्यावर खूश असते."

परत निघताना भाच्याने आधी टायरची हवा पाहिली. वाकून चेन पाहिली. आरशाचा तडा रुमालाने पुसून पाहिला; तो काही गेला नाही. मग हेल्मेटचा पट्टा आवळून, इकडे तिकडे कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून, तो टाकीशी हळूच म्हणाला, "चला."

नानांनी ऐकलं. काच खाली ओढली आणि आज पहिल्यांदाच त्याला पुढे जाऊ दिलं.