सिलेक्टर

बार्शी नाक्यावर त्याचं खताचं दुकान आहे, पण अख्खं बीड त्याला ‘सिलेक्टर’ म्हणतं. टॉस झाल्यापासून पहिला चेंडू पडेपर्यंतच्या अर्ध्या तासात त्याच्याकडं युरिया मागू नये. गेवराईहून आलेलं गिऱ्हाईक असलं तरी ताटकळतं. मालकांपुढं ड्रीम११सारखं फँटसी क्रिकेटचं ॲप उघडं असतं, त्यात गडी घ्यायला 100 क्रेडिट असतात, आणि प्रश्न एकच असतो : कुणाला बसवायचं?

दहा गडी तो पाणी पिता पिता निवडतो. खरं दुखणं अकराव्याचं. रात्री दव पडंल म्हणून कुलदीपला काढतो, पिच कोरडं दिसलं की परत घेतो, मग अर्धं क्रेडिट कमी पडतं. टेलिग्रामवरचा एक्स्पर्ट एक सांगतो, शेजारचा रसवंतीवाला दुसरं. शेवटी घरी फोन लावून, दोघांचे फोटो पाठवून तो आईला विचारतो. माउली सांगते, “ह्याचं तोंड सुकलंय रे, जेवला नसंल. बसू दे की त्याला जरा.” हा लगेच त्याला बसवतो. बसवलेला त्या दिवशी हमखास चालतो.

6 फेब्रुवारी 2024 ला मात्र कहर झाला. दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची सेमीफायनल होती आणि भारताकडून आपल्या बीडचा सचिन धस खेळत होता. चारच दिवसांपूर्वी त्यानं नेपाळला 116 ठोकले होते. सिलेक्टरनं हिशेब मांडला : “लागोपाठ दोनदा कोण मारतंय? त्यात सहाव्या नंबरला येतो. बॅटिंग तरी मिळंल का?” आणि बीडच्या पोराला बीडमध्ये बसून बसवलं!

समोर 245 चं लक्ष्य. 32 धावांत चार गडी गेले. मग धस आला आणि कॅप्टन उदय सहारनबरोबर 171 धावांची भागी करून 96 वर बाद झाला. भारत दोन गडी राखून जिंकला. नाक्यावर फटाके फुटत होते आणि हा शटर अर्धं ओढून बसला होता. बायको म्हणाली, “अहो, घरातलं पोरगं बसवलंत की!” पोरं तर ‘गद्दार’ म्हणत आत घुसली.

दुसरा कुणी असता तर चार दिवस तोंड लपवलं असतं. हा काउंटरवर उभा राहिला : “आरं, मी घेतला असता तर शून्यावर गेला असता. माझा घेतलेला गडी कधी खेळलाय का? जिल्ह्यासाठी 49 रुपयांवर पाणी सोडलं मी!”

यात अडचण अशी, की हे खोटं म्हणता येईना. मागचा सगळा रेकॉर्ड त्याच्या बाजूनं होता. तेव्हापासून नाक्यावरचं वागणं बदललं. भारताची मोठी मॅच असली की लोक पेढे घेऊन येऊ लागले : “दादा, आज रोहितला बसवा.” “विराटला तेवढं घेऊ नका बरं का.” एक मुकादम तर थेट कारखान्याच्या फडावरून फोन करायचा. हाही भाव खायचा. “बघतो, क्रेडिटमध्ये बसत असंल तर बसवतो,” असं गंभीर तोंडानं सांगायचा. क्रेडिट लागतं घेतलेल्याला, बसवलेल्याला लागत नाही, हे त्याला कुणी बोललं नाही. देवस्थानात हिशेब काढत नसतात.

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला आणि पैसे लावून टीम करणं थांबलं. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सिलेक्टर फुकटच्या टीम करतच राहिला. परवा कुणीतरी कळवळून म्हणालं, “दादा, गिलला बसवा, लई दिवस झाले खेळला नाही.”

सिलेक्टरनं युरियाची गोणी सरकवत मान हलवली. “बसवून बगितला, गड्या. पण आता फुकटात बसवल्यावर कोण खेळतंय?”