मसोत्याची बढती

सरकारी नोकरीत माणूस खालून वर चढतो आणि घरच्या नोकरीत सुती लुगडे वरून खाली उतरते. परंतु दोघांचेही सेवापुस्तक सारख्याच काटेकोरपणे लिहिले जाते, अशी महसूल खात्यातील प्रदीर्घ चाकरीनंतर माझी खात्री झालेली आहे. कोरे लुगडे प्रथम लग्नकार्यात मिरवते, घडी मोडली की हळदीकुंकवाला जाते, रंग विटला की घरात नेसले जाते, विरले की त्याची तान्ह्या बाळासाठी दुपटी होतात आणि दुपट्यांचीही मुदत संपली म्हणजे उरलेसुरले गोधडीच्या पोटात अस्तर म्हणून भरती होते. गोधडीतूनही जे तुकडे बडतर्फ होतात ते चार पदरी दुमडून, कडेने धावदोरा घालून, चुलीपाशी रुजू केले जातात. त्यास मसोते म्हणतात. यानंतर पोतेऱ्याची एकच पायरी शिल्लक राहते आणि तिच्याविषयी भोजनापूर्वी बोलू नये.

शीवच्या किल्ल्याच्या टेकडीकडे पाठ करून उभ्या असलेल्या आमच्या इमारतीत हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या निर्वेधपणे चालू होता. त्यात पहिला फेरफार घडला तो आमच्या कुटुंबाने जवळच्या एका महिला मंडळाच्या शिवणवर्गात नाव नोंदविले तेव्हा. स्वयंपाकघरात वापरावयाच्या कापसाचा थर भरलेल्या शोभिवंत वस्तू तेथे शिकविल्या जातात, असे मला सांगण्यात आले. वस्तूंची यादी दाखविण्यात आली, ती पुढीलप्रमाणे : गरम भांडी उचलण्याचे चौकोन, भट्टीतून तबके काढण्याचा हातमोजा, चहाच्या किटलीस घालावयाची टोपी आणि पोळ्या गुंडाळून ठेवण्याचे गोल वेष्टन. यादीखाली खर्चाचा तपशील होता. मंजुरीचा रकाना मात्र नव्हता.

मग कापडाची मोहीम निघाली. हिंदमाता झाले, मंगलदास मार्केट झाले, आणि अखेरीस शीव स्थानकाच्या पलीकडे धारावीत, जेथे तयार कपड्यांच्या कारखान्यांतील चिंधी किलोच्या भावाने विकली जाते, तेथून एक गाठोडे माझ्या खांद्यावरून घरी आले. ज्या देशात फाटक्या कपड्यांच्या मोबदल्यात बोहारीण स्टीलचे पातेले देते, त्या देशात रोख पैसे देऊन चिंध्या विकत आणणारा मी पहिलाच पेन्शनर असेन, असे आमच्या काकूंचे मत पडले. काकूंचे सारे आयुष्य गिरगावातील चाळीत गेलेले. नव्वदीच्या घरात आल्यावर त्या आमच्याकडे राहावयास आल्या आणि येताना स्वतःच्या हाताने शिवलेल्या दोन गोधड्या व एक दाभण एवढीच दौलत बरोबर घेऊन आल्या.

खरा तंटा उपस्थित झाला तो टाका कोठून सुरू करावा याविषयी. शिवणवर्गाचा दंडक असा, की वरचे कापड, मधला कापूस आणि खालचे अस्तर ही तिन्ही एकावर एक नीट बसवून टाचण्या लावाव्यात, यंत्राला जाड कापडाची 18 नंबरची सुई चढवावी, टाका लांब ठेवावा आणि शिवण मध्यभागी सुरू करून कडेकडे न्यावी. काकूंनी हे पाहिले मात्र, आणि त्यांच्या मुद्रेवर जुन्या शिरस्तेदाराला नव्या साहेबाचा हुकूम वाचताना येते तशी छटा पसरली.

"अगं सूनबाई, मधूनच कशी सुरुवात करतेस? आधी बांध घालावा, मग शेत नांगरावे."

"काकू, कडेपासून आले तर मध्ये झोल येतो. बाईंनी सांगितलंय."

"माझ्या गोधडीत दाखव झोल!"

गोधडी आणण्यात आली, जमिनीवर पसरण्यात आली आणि तिचा रीतसर पंचनामा झाला. बाहेरच्या काठापासून निघालेले धावदोऱ्याचे चौकोन, एकाच्या आत एक, आकसत आकसत मध्यापर्यंत गेलेले. अंतर बोटाच्या पेराएवढे. झोल कोठेही नाही. वस्तुतः दोघींचेही बरोबर होते. गोधडी जमिनीवर ताणून अंथरतात, लांब टाके घालून थर जागच्या जागी जखडतात आणि मग बायका भोवताली बसून कडेपासून आत शिवत येतात, त्यामुळे कापड हलत नाही. यंत्रावर मात्र दाबाचा पाय वरचे कापड रेटीत पुढे नेतो, म्हणून त्या फुगवट्याला बाहेर पडण्यास कडेची वाट मोकळी ठेवावी लागते. हा निवाडा मला तेव्हाच सुचला होता. परंतु ज्या घरात दोन्ही पक्षकार आपणांस जेवू घालतात तेथे निकाल राखून ठेवण्यातच न्यायाधीशाचे हित असते.

यथाकाल वस्तू सिद्ध झाल्या आणि त्या देखण्या होत्या, हे निःसंकोच नमूद केले पाहिजे. कडांना तिरक्या कापलेल्या पट्टीची गोट होती. आडव्या-उभ्या धाग्यांना छेदून कापलेली पट्टी ताणली जाते व वळणावर सुरकुतत नाही, हे ज्ञान मला त्याच सुमारास झाले. प्रश्न उरला तो नेमणुकीचा. हातमोजा जिच्यासाठी जन्मला ती भट्टी आमच्या घरात नाही. आमची पातेली काठाची, त्यांना सांडशी पकडते. कढईला मसोते पुरते. तबक भट्टीतून बाहेर काढण्याचा प्रसंग आमच्या वंशात कोणावर आलेला नाही. मला अशा वेळी आमच्या किल्ल्याची आठवण होते. सतराव्या शतकात गव्हर्नर आंजियरच्या अमदानीत, पलीकडच्या साष्टीत पोर्तुगीज होते म्हणून तो सरहद्दीवर बांधला गेला. पुढे पोर्तुगीजांची साष्टी मराठ्यांनी घेतली, 1774 च्या अखेरीस ती इंग्रजांनी बळकावली, सरहद्द पुढे सरकली आणि किल्ला मात्र कामाविना हुद्द्यावर कायम राहिला.

किटलीच्या टोपीची अवस्था याहून शोचनीय. जे लोक चहाची पत्ती उकळत्या पाण्यात नुसती मुरत ठेवतात त्यांना किटली ऊबदार ठेवण्याची गरज भासते. आम्ही पाणी, दूध, साखर, पत्ती आणि आले ही सर्व मंडळी एकाच पातेल्यात उकळून तत्काळ कपांत गाळणारे. सबब टोपी काही महिने बेकार राहिली. जानेवारीत गारठ्याने विरजण लागेना, तेव्हा काकूंनी ती कोणासही न विचारता दह्याच्या गंजावर घातली आणि सकाळी कवडीदार दही निघाले.

चौकोनांवर मोर होते. ते ओट्यावरील खुंटीला अशा दिमाखात लटकले, की दूध उतू जाण्याच्या बेतात येई, फेस काठापर्यंत चढे, आणि आमच्या कुटुंबाचा हात मोरांना चुकवून, त्यामागे दडलेल्या त्या करड्या, तेलकट, हळदीचे डाग पडलेल्या मसोत्याकडेच जाई. "अहो, मोर खराब होतील ना!" कापडाला बढती मिळाली की ते काम करीत नाही, हा नियम मला खात्यात शिकण्यास तीस वर्षे लागली होती.

काकूंचा आक्षेप मात्र निराळाच होता. एके दुपारी त्यांनी एका चौकोनाच्या कडेचा धागा उपसला आणि गॅसच्या ज्योतीवर धरला. सुताचा धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. "प्लॅस्टिक!" एवढाच शब्द उच्चारून त्या जप करावयास बसल्या. पॉलिएस्टर 250 ते 260 अंशांच्या दरम्यान वितळते आणि वितळलेले कातडीला चिकटते. सूत वितळत नाही, करपते. पूर्वी ही चिकित्सा करावीच लागत नसे, कारण पाच मैलांच्या आत फिनले गिरणीची मलमल आणि खटाव गिरणीचे व्हॉइल विणले जात होते आणि घरात जे जीर्ण होई ते सुतीच असे. मग नायलॉन आले, टेरिलिन आले. 18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर लालबाग-परळचे भोंगे एकामागून एक थांबत गेले. आता नेसण्याच्या साड्या जीर्णच होत नाहीत. मग मसोत्याला कापड यावे कोठून?

पोळ्यांचे वेष्टन तेवढे निर्विवादपणे यशस्वी ठरले. त्याचे अस्तर शुद्ध सुती होते. पोळीची वाफ ते शोषून घेते, म्हणून तळची पोळी ओली होत नाही आणि कापसाच्या थरामुळे वरची निवत नाही. काकूंनी त्याला अद्याप नाव ठेवलेले नाही, ही सनदच समजावी.

ज्या वाचकभगिनींना (आणि सेवानिवृत्त बंधूंनाही) या उद्योगात पडण्याची इच्छा असेल त्यांनी जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड घ्यावे, धागा ज्योतीवर पारखावा, दोराही सुतीच वापरावा आणि वर मोर काढू नयेत. मसोते नेहमी कोरडे असावे; थरांत कोंडलेली हवा उष्णता अडवते, पण कापड ओले झाले की हवेची जागा पाणी घेते आणि चटका थेट बोटांपर्यंत पोहोचतो. दोन्ही हातांना चालणारा, एकदाही न वापरलेला एक हातमोजा आमच्याकडे शिल्लक आहे. ज्यांच्या घरी भट्टी असेल त्यांनी तो विनामूल्य घेऊन जावा.